सत्ताविसावी जोडी

नातीच्या लग्नात एवाल्डने फक्त चार शब्द बोलायचे, असं रास्माने ठरवलं आणि पुढचं सगळं त्यातूनच झालं.

चारच का, याला इतिहास होता. बावीस वर्षांपूर्वी लेकीच्या लग्नात त्याला "दोन शब्द बोल" म्हणून उभं केलं होतं. तेव्हा तो बटाट्यावर पडणाऱ्या खपलीच्या रोगावर चाळीस मिनिटं बोलला. (रोग गंभीर होता, याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. पण तोवर वाटाणे आणि तळलेलं डुकराचं मांस गार होऊन गेलं, आणि नवऱ्यामुलाची आत्या ताटावरच पेंगायला लागली.) त्या दिवसापासून रास्माने नवऱ्याला पाचपेक्षा जास्त माणसांसमोर तोंड उघडू दिलेलं नव्हतं.

पण आता इलाज नव्हता. रास्माच्या माहेरची रीत अशी की, नवरीने विणलेल्या हातमोज्यांचा पेटारा मांडवात उघडण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्या पुरुषाने काहीतरी शुभ बोलायचं. मग नवरी एकेकाचं नाव घेणार आणि सासरच्या प्रत्येक माणसाच्या हातात लोकरीची एकेक जोडी ठेवणार. घरात वडीलधारा पुरुष एवाल्डच. दुसरा असता तर रास्माने त्याला कर्ज काढूनही आणला असता.

तिने एका कागदावर ठळक अक्षरांत एक जुनी म्हण लिहिली आणि पावाच्या डब्यावरच्या फळीला टाचणीने लावली.

"हे पाठ कर. एवढंच म्हणायचं आणि खाली बसायचं."

एवाल्डने चष्मा लावला. देणाऱ्या माणसाच्या हाताचं कौतुक करणारी ती म्हण होती. त्याने ती दोनदा वाचली, मग रास्माकडे पाहिलं.

"ही माझ्यासाठी?"

"तुझ्यासाठीच."

"दुसरी नाही का एखादी? बटाट्यांवर वगैरे?"

"एवाल्ड!"

"बरं, बरं."

"आणि लग्नाआधी ही बाहेर कुठे म्हणत फिरायचं नाही. लग्नातलं बोलणं आधीच तोंडातून गेलं की शिळं होतं." (रास्माच्या या हुकुमामुळे ती म्हण मलाही इथे सांगता येत नाही. लग्न तर होऊन गेलं, मग आता काय हरकत आहे, असं तुम्ही म्हणाल. थांबा जरा, शेवटी कळेल.)

आता आमच्या बेर्झी गावात एवाल्ड कशासाठी प्रसिद्ध होता, ते सांगायला हवं. माणूस वाईट नव्हता. दारू बेताची, भांडणं त्याहून बेताची, आणि जंगलात कुणाची गाय हरवली तर शोधायला सगळ्यात पुढे. पण हात आखडता. एवाल्डने कुणाला काही दिलेलं बेर्झीत कुणी पाहिलेलं नव्हतं. रस्ता विचारला तरी अर्धाच सांगायचा, उरलेला अर्धा पुढच्या वळणावर विचारा म्हणायचा. उन्हाळा असो की हिवाळा, तो चालायचा ते दोन्ही हात कोटाच्या खिशात खोल घालून. गावात म्हणायचे, हस्तांदोलन केलं तर एखादं बोट कुणी ठेवून घेईल अशी त्याला धास्ती आहे. त्याचे हातमोजेही स्वतःच्या लग्नातले होते, एकेचाळीस वर्षांपूर्वीचे. रास्माने ते इतक्यांदा रफू केले होते की मूळ लोकर नेमकी कुठली, हे आता तिलाही सांगता आलं नसतं.

पाठांतर सुरू झालं. सकाळी कॉफी पिताना तो कागदाकडे बघून पुटपुटायचा. पहिला शब्द यायचा, आणि नेमका 'देणारा' म्हणायची वेळ आली की त्याला ठसका लागायचा. आठवडाभर हेच चाललं. स्मरणशक्तीचा प्रश्न नव्हता. शेजारच्या माणसाने कोणत्या साली त्याची ढकलगाडी नेली आणि कोणत्या चाकाचा आरा वाकवून आणला, हे त्याला तारखेनिशी पाठ होतं.

"तुझ्या घशातून निघतच नाही ती," रास्मा म्हणाली. "बटाट्यासारखी अडकते."

"बटाटा अडकत नाही. नीट चावला तर..."

"एवाल्ड, बटाट्यावर जाऊ नकोस."

शेवटी तो झिद्राबाईंकडे गेला. झिद्राबाई आमच्या शाळेच्या निवृत्त मास्तरीण. अर्ध्या बेर्झीला त्यांनी अक्षरओळख करून दिली होती आणि उरलेल्या अर्ध्याचे कान पिळले होते. एवाल्ड दुसऱ्या अर्ध्यातला. अडुसष्ट वर्षांचा हा विद्यार्थी दारात टोपी काढून उभा राहिला आणि त्याने आपली अडचण सांगितली. म्हण कोणती ते सांगितलं नाही, विषय तेवढा सांगितला. बाईंनी तेवढ्यावर ओळखली.

"एवाल्ड, जे हाताने केलेलं नसतं ते जिभेवर बसत नाही," त्या म्हणाल्या. "तुला गृहपाठ देते. रोज एक वस्तू कुणाला तरी द्यायची. आपणहून, कुणी न मागता, आणि परत काही मिळेल अशी आशा न ठेवता."

"तिन्ही एकदम?"

"तिन्ही एकदम."

"एक-एक करून सुरुवात केली तर?"

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. एवाल्डचा हात आपोआप कानाकडे गेला.

तर असा गृहपाठ सुरू झाला. पहिल्या दिवशी त्याने बादलीभर सफरचंदं घेतली आणि गावात निघाला. सप्टेंबरचा शेवट होता. ज्यांनी त्या दिवसांत बेर्झी पाहिली आहे त्यांना यातली अडचण लगेच कळेल. सफरचंदं झाडाखाली होती, रस्त्यात होती, प्रत्येक ओसरीवर पोत्यांत, टोपल्यांत, जुन्या बाळगाडीत होती. लोक त्यांचा रस काढून, मुरंबा करून, सुकवून, डुकरांना घालून थकले होते. एवाल्ड एकेका फाटकाशी जायचा आणि आतून आवाज यायचा, "सफरचंदं असतील तर पुढे जा!" आमच्या घरी आला तेव्हा माझ्या बायकोने त्याला बसवलं, चहा दिला, आणि निघताना आमचीच एक बादली त्याच्या दुसऱ्या हातात अडकवली. एक बादली घेऊन गेलेला एवाल्ड दोन बादल्या घेऊन घरी आला.

"हे तू देऊन आलास?" रास्माने विचारलं.

"सुरुवात आहे," तो म्हणाला.

मग त्याने काचेच्या बरण्यांकडे मोर्चा वळवला. तळघरात रास्माची भोपळ्याची लोणची ओळीने मांडलेली होती. त्यातली एक त्याने झिद्राबाईंना दिली, एक आम्हाला आणि एक सुताराला. आता बेर्झीत बरणी रिकामी परत करत नाहीत. देणाऱ्यालाही ते माहीत असतं आणि घेणाऱ्यालाही. तिसऱ्या दिवशी बरण्या काकड्या भरून, आंबवलेला कोबी भरून आणि लिंगोनबेरीचा मुरंबा भरून परत आल्या. एवाल्डचे डोळे चमकले. देण्यात हे असं असतं, हे त्याला अडुसष्ट वर्षं कुणी सांगितलंच नव्हतं! त्याने दुसऱ्या दिवशी सहा बरण्या वाटल्या आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी नऊ. गावातल्या बायका हातातली कामं टाकून बरण्या भरायला लागल्या. दहाव्या दिवशी नदीपलीकडच्या घरातून एक बरणी आली, तिच्यावर रास्माच्या हस्ताक्षरातली चिठ्ठी होती आणि आत रास्माचंच भोपळ्याचं लोणचं होतं. चार घरं फिरून ते आपल्या पायांनी माहेरी आलं होतं.

"बास!" रास्मा म्हणाली. "तळघरात पाय ठेवायला जागा उरलेली नाही. आणि सुताराची बायको माझ्याशी बोलत नाही. म्हणते, तुझ्या नवऱ्याने आमचा हिवाळ्याचा साठा संपवला."

झिद्राबाईंचंही समाधान झालं नाही. "ही तर देवाणघेवाण झाली," त्या म्हणाल्या. "तू तेवढंच देतोस जे दिल्याने तुझं काही जात नाही. देताना पोटात थोडं दुखलं पाहिजे."

"कोबी खाऊन दुखतंय ना."

"तसं नव्हे."

एवाल्ड खिशात हात घालून घरी आला. म्हण अजून घशातच होती आणि लग्न तीन आठवड्यांवर आलं होतं.

त्यानंतरच्या मंगळवारी रास्मा नातीबरोबर, म्हणजे लाउमाबरोबर, नवरीचे बूट बघायला कुल्डीगा शहराला गेली. जाण्याआधी तिने एवाल्डचे जुने हातमोजे त्याच्या देखत मांजराच्या टोपलीत टाकले. "हे घालून लग्नात आलास तर मी तुला ओळख देणार नाही," ती म्हणाली. मांजराने त्यांच्यावर दोन गिरक्या घेतल्या आणि ते झोपलं. एवाल्डला वाईट वाटलं. रास्मा पुढच्या फेरीत नवीन जोडी बाजारातून आणेल, अशी त्याला आशा होती. (स्वतः आणावी हे त्याच्या मनात आलं नाही.)

अकराच्या सुमाराला पाऊस आणि बर्फ एकत्र पडायला लागलं. टपालवाली लिविया सायकल ढकलत फाटकाशी आली. तिच्या हातात लग्नाच्या शुभेच्छांची चार पाकिटं होती आणि बोटं अशी निळी-जांभळी पडली होती की एवाल्डने पाकिटं घेण्याआधी बोटांकडेच पाहिलं.

"हातमोजे कुठे गेले तुझे?"

"पुलावर वारा आला. एक उडून नदीत गेला. दुसरा काढून त्याच्या मागे टाकला, एकटा काय कामाचा?" ती हसली, पण दात वाजत होते.

एवाल्डचा त्या दिवशीचा गृहपाठ राहिला होता. तो आत गेला आणि सवयीने बरणी घेऊन आला. लिवियाने हात पुढे केले, पण बोटं मिटेनात. बरणी धरता येईना. ती ओशाळून म्हणाली, "राहू द्या एवाल्ड, उद्या नेईन." आणि एवाल्डच्या पोटात, झिद्राबाई म्हणाल्या होत्या तिथेच, काहीतरी दुखलं. त्याला तिची ती अवस्था बघवेना.

तो मागच्या खोलीत गेला. तिथे रास्माचा पेटारा होता. त्याला हात लावायची त्याला परवानगी नव्हती. सगळा हिवाळा आणि सगळा उन्हाळा रास्मा आणि लाउमा मिळून विणत होत्या. लाल, निळी, हिरवी, प्रत्येक जोडीवर वेगळी नक्षी, कडेला झालर. एवढ्या ढिगातली एक गेली तर कुणाला कळणार आहे? त्याने वरच्या जोड्या हलवल्या नाहीत, अगदी तळाशी हात घातला आणि एक बाहेर काढली. गडद लाल, मनगटाशी पांढरे तारे. सहज म्हणून त्याने ती घातली. हाताला अशी बसली की जणू मापं घेऊन केली होती. ऊब थेट कोपरापर्यंत चढली. एवाल्ड तसाच उभा राहिला. आपण ठेवून घ्यावी, हा विचार त्याच्या मनात आला, हे मी लपवत नाही. बराच वेळ तो विचार तिथे होता. मग बाहेर लिविया शिंकली.

"घे," त्याने फाटकाशी येऊन म्हटलं. "ठेवूनच घे. परत आणायचे नाहीत."

लिवियाने मोजे घातले. बोटांच्या टोकांशी रिकामी जागा राहत होती. "जरा मोठे आहेत," ती म्हणाली, "पण आत दुसरे घालता येतील." मग तिने हात उलटेपालटे करून पाहिले. नुसती बघत राहिली, तिच्या सायकलीवरून आजवर जेवढं टपाल गेलं त्यातलं सगळ्यात नवलाचं हेच होतं असं. जाताना तिने वळून हात हलवला. तो लाल मोजा बर्चच्या झाडांमधून कितीतरी वेळ दिसत होता.

एवाल्ड स्वयंपाकघरात आला, पावाच्या डब्यासमोर उभा राहिला आणि कागदाकडे न बघता त्याने सगळी म्हण एका दमात म्हटली. ठसका नाही, अडखळणं नाही. मांजराने मान वर केली. त्याने पुन्हा म्हटली. चार वेळा म्हटली. आनंदाने त्याने स्वतःसाठी दुसरा कप कॉफी केली, जी एरवी तो रविवारीच करायचा.

हा आनंद गुरुवारपर्यंत टिकला. गुरुवारी रास्मा पेटारा उघडून बसली.

"सत्तावीस होत्या," ती म्हणाली. "सव्वीस आहेत."

"कसर लागली असेल," एवाल्ड वर्तमानपत्राआडून म्हणाला.

"कसरीने अख्खी जोडी खाल्ली? अंगठ्यासकट?"

"भुकेली असेल."

रास्माने एकेक जोडी मांडीवर घेऊन पाहिली. तळापर्यंत पोचली तेव्हा तिचा चेहरा बदलला. "नेमकी तीच," ती हळूच म्हणाली.

"कुणाची होती?"

"तुला काय करायचंय? ज्याची होती, त्याला त्या दिवशी कळेल."

तिने पेटारा बंद केला आणि बटाटे सोलायला गेली. एवाल्डला ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. ती ओरडली नाही म्हणजे प्रकरण मोठं होतं.

तो मनातल्या मनात हिशेब करू लागला. जोडी पुरुषी मापाची. मोठी. तळाशी जपून ठेवलेली, म्हणजे सगळ्यात मानाची. सासरकडे असा कोण? त्याच्या डोळ्यांपुढे नवऱ्यामुलाचा बाप उभा राहिला. विल्निस, लिएपायाकडचा वनरक्षक, सहा फूट दोन इंच, हात फावड्यासारखे, आणि बोलायला इतका थोडा की साखरपुड्याच्या दिवशी तो फक्त "हं" म्हणाला होता, तेही बाहेर पडताना. एवाल्डच्या कपाळावर घाम आला. नवरी भर मांडवात एकेकाला मोजे देणार, काका-मामांना, आत्यांना, सुईणीला, बँडवाल्यालाही, आणि खुद्द सासरा रिकाम्या हातांनी उभा राहणार! पोरीच्या संसाराचा पहिला दिवस, आणि तिच्या माथी हा अपमान आजोबांनी लावलेला. पोरीवर त्याचा फार जीव होता. लहानपणी ती त्याच्या कोटाच्या खिशात हात घालून त्याच्या हाताबरोबर आपला हात ठेवून चालायची. खिशात वाटा मिळालेली ती एकटीच.

मोजे परत मिळवायला हवे होते. पण दिलेली वस्तू मागायची कशी? शनिवारी तो बसने कुल्डीगाच्या बाजारात गेला आणि चार लॅट मोजून तशीच लाल जोडी विकत घेतली. (चार लॅट! विकणारीने सुटे मागितले तेव्हा त्याचा हात दोनदा खिशात परत गेला.) सोमवारी त्याने लिवियाला फाटकाशी गाठलं.

"ते तुला मोठे होतात ना? हे घे, बरोबर मापाचे. ते दे मला."

लिवियाच्या डोळ्यांत पाणी आलं. "एवाल्ड! आणखी एक जोडी? हे माझ्या आईला बसतील. तिला सांगते मी. काल तिला सांगितलं तर तिचा विश्वासच बसेना, म्हणाली, कोणता एवाल्ड?"

"नाही, म्हणजे, बदल्यात..."

"बदल्यात मी काय देणार? तुमच्यासाठी प्रार्थना करीन." तिने नवी जोडी पिशवीत ठेवली, जुनी हातात होतीच, आणि सायकलवर बसून गेली.

इकडे आणखी एक भानगड होती. लिविया रोज येणार, मोजे रोज घालणार, आणि रास्माने एकदा पाहिले की संपलं. म्हणून एवाल्ड रोज साडेअकराला फाटकाबाहेर जाऊन उभा राहायला लागला, टपाल तिथेच घ्यायचं म्हणून. पाऊस असो, बर्फ असो, तो उभा. आपण दिसू नये म्हणून जरा लिलाकच्या झुडपाआड. आता बेर्झीत साडेअकराला टपालवालीची वाट बघत झुडपाआड उभा राहणारा म्हातारा लपून राहत नाही. त्यात लिवियाने मोज्यांची गोष्ट दुकानात, दवाखान्यात आणि बसथांब्यावर सांगितलेली. सुताराच्या बायकोने दोन आणि दोन एकत्र केले आणि बेरीज सगळ्या गावाला कळवली.

"एवाल्डला झालंय तरी काय?" ती आमच्याकडे येऊन म्हणाली. "अडुसष्टाव्या वर्षी! आधी आमच्या घरी बरण्या, मग तिला मोजे. मी म्हटलंच होतं, त्या बरण्यांमागे काहीतरी आहे."

हे सगळं रास्माच्या कानावर गेलं असणारच. पण ती नुसती लग्नाच्या पावांसाठी कणीक मळत राहिली. एवाल्डची झोप उडाली. म्हण मात्र त्याला आता अशी पाठ झाली होती की दाढी करतानाही ओठांवर यायची, आणि प्रत्येक वेळी त्या म्हणीतल्या देणाऱ्याच्या हाताऐवजी त्याला विल्निसचे हात दिसायचे.

लग्न नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी लागलं. दुपारी गावच्या सभागृहात मंडळी जमली. टेबलांवर पाव, खारवलेले मासे, वाटाणे, लाउमाच्या डोक्यावर मुगुट, नवरामुलगा रेइनिस घामाघूम. एवाल्डच्या अंगावर नवा कोट होता आणि त्याचे हात त्याच्या खिशात. विल्निस समोरच बसला होता, कोपरं टेबलावर, दोन्ही हात पुढे. इतके उघडे हात एवाल्डने आयुष्यात पाहिले नव्हते.

पेटारा आणला गेला. रास्माने मान हलवली. "एवाल्ड."

तो उभा राहिला. सभागृह शांत झालं. जुन्या पिढीतल्या काहींनी घाईघाईने बशीतलं मांस गार होण्याआधी तोंडात टाकलं. एवाल्डने हात खिशातून काढले, घसा साफ केला, लाउमाकडे पाहिलं. ती हसत होती. आणि त्याला ते सहन होईना.

"थांबा," तो म्हणाला. "आधी दुसरं सांगायचंय. विल्निस, तुमची माफी मागतो. या पेटाऱ्यात तुमची जोडी नाही. लाल होती, पांढरे तारे असलेली. ती मी लिवियाला देऊन टाकली. पोरीचा यात काही दोष नाही. तिने विणली होती. मी चोरली. माझ्या बायकोला मी कसरीचं नाव सांगितलं, तेही खोटं. म्हणायचं असेल ते मला म्हणा, पोरीला काही म्हणू नका."

इतकं तो आयुष्यात बटाट्यांखेरीज कशावर बोलला नव्हता. विल्निसने भुवया वर केल्या आणि नवरीकडे पाहिलं. लाउमाने पेटाऱ्यात हात घातला, वरचीच एक जोडी उचलली. ती हिरवी होती, देवदाराच्या नक्षीची, आणि एवढी प्रचंड होती की तिच्यात मांजर मावलं असतं.

"रेइनिसच्या बाबांची ही आहे, आजोबा," ती म्हणाली.

विल्निसने जोडी घातली. दोन्ही हात वर करून दाखवले. "हं," तो म्हणाला.

"मग ती लाल कुणाची?" एवाल्डने विचारलं.

सत्तर माणसं एवाल्डकडे बघत होती. मग ती रास्माकडे बघायला लागली. रास्मा उठली.

"तुझी होती, एवाल्ड. दुसऱ्या कुणाच्या हाताचं माप माझ्याकडे न मोजता असतं? मांजराच्या टोपलीत जुने का टाकले वाटतं तुला?"

आधी सुताराची बायको हसली. मग विल्निस हसला, आणि तो हसतो हे कुणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे बाकीचे जास्तच हसले. झिद्राबाई रुमालात तोंड घालून हसत होत्या. जन्मात एकदा या माणसाने हात सैल सोडला, दुसऱ्याचं म्हणून चोरून दिलं, आणि ते निघालं त्याचं स्वतःचं. त्याच गोंधळात एवाल्डला आपलं काम आठवलं. त्याने ताठ उभं राहून म्हण म्हटली. सगळी, बिनचूक, 'देणारा' धरून. शब्द चुकला नाही एवढं मी त्याच्या ओठांवरून सांगू शकतो, पण ऐकू कुणालाच आलं नाही. लग्नात कुणी ऐकलीच नाही म्हणजे ती अजून म्हणायची राहिली, म्हणून तर मी ती इथे सांगत नाही.

तो खाली बसला तेव्हा रास्मा त्याच्याजवळ सरकली.

"तुला माहीत होतं?" त्याने विचारलं.

"खिडकीला काच असते, एवाल्ड. पेटारा मोजला त्याच्या दुसऱ्याच दिवशी दिसले तिच्या हातात."

"मग बोलली का नाहीस? ती तरी परत आणायची होतीस."

"तू खरं कधी सांगतोस ते बघायचं होतं." मग त्याचा उघडा हात तिने टेबलाखाली आपल्या हातात घेतला. "आणि परत कशाला आणायची? एकेचाळीस वर्षं मी वाट बघत होते की या हाताने कुणाला काही देशील. दिलंस तर मीच काढून घेऊ?"

एवाल्डने नाक शिंकरलं आणि खारवलेल्या माशात कांदा फार झालाय असं म्हणाला.

जेवणं झाल्यावर सगळे फोटोसाठी सभागृहाच्या पायऱ्यांवर उभे राहिले. बाहेर पाण्याचं बर्फ होत होतं. लिविया शुभेच्छांच्या तारा आणि पत्रं घेऊन आली होती, तिलाही ओळीत ओढलं. फोटोवाला म्हणाला, "सगळ्यांनी हात वर करा, नवे मोजे दिसू द्या!" सासरच्या सगळ्यांचे हात वर झाले, लाल, निळे, हिरवे. विल्निसचे सगळ्यात उंच. कोपऱ्यात लिवियाचेही, पांढऱ्या ताऱ्यांचे. मधोमध एवाल्डने उत्साहाने आपलेही उंचावले. थंडीने लाल झालेले, उघडे.

"आजोबा," फोटोवाला ओरडला, "तुमचे खाली घ्या, फोटो बिघडतोय!"

तो फोटो आता त्यांच्या बैठकीच्या खोलीत टांगलेला आहे. पाहुणा आला की रास्मा त्याला कॉफी देते आणि पाहुणा भिंतीशी जाऊन एकेक चेहरा ओळखत राहतो. मधल्या माणसापर्यंत आला की थांबतो. सगळे हात हवेत, आणि तो एकटा दोन्ही हात खिशात खोल घालून उभा.

"बघा," पाहुणा म्हणतो, "नातीच्या लग्नातसुद्धा एवाल्डचा हात काही बाहेर आला नाही!"